झरीच्या मावशींना मी खेळातून काढलं

९ फेब्रुवारी, रविवार. नवीन तूर निवडायला काढली होती. दिरांनी पेडगावहून अर्धं पोतं पाठवलं होतं आणि त्यात या वर्षी खडे कमी, काड्या जास्त. निवडायची, संध्याकाळी भिजत घालायची, सोमवारी गच्चीवर वाळवायची असा बेत होता. हॉलमध्ये चादर अंथरली, सूप घेतलं आणि बसले.

साडेदहाच्या सुमारास बेल वाजली. दारात झरीच्या मावशी उभ्या होत्या. एका हातानं कठडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि मावशींचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नाही. हे मला माहीत होतं. पाच दिवसांपूर्वी, मंगळवारी, मी त्यांना मोबाइलवरच्या एका खेळातून काढून टाकलं होतं. त्या कशासाठी आल्या असतील हे विचारायची गरज नव्हती.

"या," म्हणाले.

खेळाचं आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेतीचा खेळ आहे. फोनवर आपलं एक शेत असतं, गायी, कोंबड्या, गव्हाचे तुकडे. गहू पेरला की दोन मिनिटांत कापणीला येतो. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचं अर्धवट शेत माझ्या फोनवर राहिलं. ते ओसाड पाडायचं जिवावर आलं म्हणून मी रोज थोडं थोडं बघायला लागले, आणि तीन वर्षांत तीस जणींच्या गटाची प्रमुख झाले. तीसच्या वर हा खेळ कुणाला घेऊ देत नाही. बहुतेक सगळ्या आपल्याच जिल्ह्यातल्या: शिक्षिका, अंगणवाडीच्या बाया, शेत करणाऱ्या, एकदोन बँकेतल्या. बोलायला व्हॉट्सअॅपवर वेगळा गट. कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं हे बटण माझ्याकडे आणि येलदरीजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंकडे. त्या उपप्रमुख.

प्रत्येकीच्या शेतात एक गाडी असते आणि तिच्यात खोकी असतात. त्या खोक्यांत कधी अंडी, कधी दूध, कधी मका भरायचा. आपल्याकडे माल नसेल तर खोक्यावर लाल झेंडा लावायचा, म्हणजे गटातली दुसरी कुणी ते भरून देऊ शकते. इतर दिवशी कुणीही भरावं. पण मंगळवारपासून दुसऱ्या गटांबरोबर शर्यत सुरू होते आणि तेव्हा कुणातरी एकीला कामच असं मिळतं की दुसऱ्यांची आठ झेंडेवाली खोकी ठरलेल्या वेळात भरा. तिच्याआधी दुसऱ्या कुणी ती भरून टाकली तर तिला भरायला काही उरत नाही, काम बुडतं आणि गटाचे गुण जातात. म्हणून आमचा नियम होता की शर्यतीत झेंडे फक्त काम घेतलेल्या बाईसाठी ठेवायचे.

हा नियम आत्ता मी पाच ओळींत सांगितला. गटाच्या पहिल्या पानावर मी तो असा लिहिला होता: "शर्यतीत मदत राखीव. उल्लंघन झाल्यास कमी करण्यात येईल." सुरुवातीला दहाबारा जणी होतो, आम्ही फोनवर बोलून ठरवलं होतं, त्यामुळे आम्हाला तेवढं पुरत होतं. नंतर आलेल्यांना त्यातलं किती कळतं, हे मी कधी विचारलं नाही.

आणि मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. बावीस वर्षं सूचना काढते. माझी सूचना वहीत जाते, शिपाई ती वही वर्गावर्गात फिरवतो, आणि प्रत्येकानं वाचल्याची सही केली नसेल तर मी वही परत पाठवते. एकदा मुख्याध्यापकांनाही पाठवली आहे. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य माझ्या ऑफिसात कुणाला बोलता येत नाही. हे मी अभिमानानं सांगत असे.

मावशी गटात आल्या दिवाळीनंतर. त्यांची सून आधीपासून होती. गुडघ्यामुळे मावशींचं शेतात जाणं बंद झालं, घरात बसून जीव आंबायला लागला, म्हणून सुनेनं जुन्या फोनवर हे शेत लावून दिलं. जानेवारीत आम्ही काही जणी पेडगावला दिरांच्या शेतात हुरड्याला जमलो होतो, तेव्हा मावशींना पहिल्यांदा पाहिलं. "दोन मिंटात गहू! आन राखणीला बी जायचं न्हाई!" म्हणून त्या इतक्या हसल्या की आगटीजवळ बसलेला सालगडीही हसायला लागला. निघताना उरलेल्या गुळाच्या पोळ्या मी त्यांना स्टीलच्या डब्यात घालून दिल्या.

जानेवारीच्या मध्यापासून शर्यतीत झेंडे गायब व्हायला लागले. भरलेल्या खोक्यावर भरणारीचं नाव दिसतं. प्रत्येक वेळी मावशींचं. पहिल्या आठवड्यात दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्यात चिडले. तिसऱ्या मंगळवारी मधल्या सुट्टीत येलदरीच्या बाईंनी गटावर लिहिलं, "ताई, परत तेच." मी ऑफिसात होते. समोर सेवापुस्तकांचा गठ्ठा, दारात एक पालक दाखल्यासाठी उभे. फोन घेतला, नाव शोधलं, बटण दाबलं. व्हॉट्सअॅपच्या गटातूनही काढलं. दाखल्यावर शिक्का मारायला त्याहून जास्त वेळ लागला असेल. मग गटावर टाकलं:

"वारंवार सूचना देऊनही नियमांचे पालन न केल्यामुळे एका सदस्येस आज रोजी गटातून कमी करण्यात आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

पंधरा जणींनी अंगठे दिले. संध्याकाळी रिकाम्या जागेवर मी आमच्या शाळेच्या ग्रंथपाल मॅडमना घेतलं. त्या बरेच दिवस मागे लागल्या होत्या.

तर रविवारी मावशी आत आल्या. खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची दिली. पाणी प्यायल्या आणि पिशवीतून माझा डबा काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमचा डबा. महिना झाला, ऱ्हाऊनच गेला."

"अहो मावशी, डब्यासाठी कशाला एवढे जिने चढलात?"

"डब्यासाठी न्हाई आले. पर यायचंच होतं तं आनला."

उचलला तर जड लागला. आत सोललेले ओले हरभरे होते, काठोकाठ. एवढे हरभरे सोलायला अख्खी दुपार जाते, बोटं हिरवी होतात. त्यांच्या बोटांकडे मी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

त्यांचं लक्ष चादरीकडे होतं. "काड्या लय हायेत."

"मशीननं काढली यंदा."

"म्हनूनच. द्या इकडं सूप."

"राहू द्या हो."

"हात रिकामे ठिऊन मला बोलायला येत न्हाई. द्या."

सूप मांडीवर घेऊन त्या पाखडायला लागल्या. मी खाली बसून निवडत होते.

"एक इचारू का? रागावू नका."

"विचारा."

"माझं चुकलं काय?"

आवाजात तक्रार नव्हती. रेशन दुकानात आज साखर मिळेल का विचारावं तसं विचारलं. मी मात्र ऑफिसच्या आवाजात उत्तर दिलं. "शर्यत चालू असताना दुसऱ्यांची खोकी भरायची नसतात. ज्या बाईला ते काम मिळालंय तिच्यासाठी ती ठेवायची असतात."

"असं हाय व्हय." सूप थांबलं. "म्हंजे मी भरले तं त्या बाईचं काम बुडालं?"

"हो."

"तीन डाव?"

"हो. पहिल्या पानावर लिहिलंय ते."

"ते वाचलं मी. अक्षर जुळवून जुळवून वाचलं. मला काय उमगलं न्हाई." मग म्हणाल्या, "ताई, रोज सकाळी उठले की माझी गाडी कुनीतरी भरून ठिवलेली ऱ्हाती. कुनी दूध घातलेलं, कुनी अंडे. तुमी बी घालायच्या. नाव दिसतंय ना वर. मंग मी नुसतं घेतच बसू का? आपल्या घरी कुनाचा डबा आला तं आपन तसाच रिकामा धाडतो का? मी ध्यानात ठिवायची, आज कुनी दिलं. आन ज्यानं दिलं त्याचं खोकं आधी भरायची. त्या मास्तरीणबाईचे तं मी सगळ्यात जास्त भरले. ती लय देती सगळ्याला."

टेबलावरचा डबा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी चोरी समजत होते ती ही. शेजारणीची वाटी साखर घालून परत करावी तशी ही बाई तीन आठवडे तीस घरची भांडी परत करत होती.

एवढं स्वच्छ दिसल्यावर माणसानं काय म्हणावं? मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असतो, मावशी."

त्या सगळ्या प्रकरणात हे एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. बटण दाबलं तेव्हा मला माहीत नव्हतं. हे बोलले तेव्हा माहीत होतं.

"व्हय, सारखाच पायजे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. "पर गावात काय म्हनायल्यात ठाऊक हाय का? म्हनतेत, सुनेनं सासूला भाइर काढलं. आतापस्तोर घरातून काढायच्या, आता मोबाइलातून बी काढायल्यात."

त्या हसल्या. मीही हसले. मग त्या एकदम थांबल्या.

"सुनेचं मातर वाईट झालं. रडायली तीन दिस. तुमी लिवलं ना, वारंवार सूचना दिली म्हनून. ती मला इचारायली, आत्याबाई, तुमाला एवढ्यांदा सांगितलं होतं तं मला का बोलला न्हाईत? मी म्हनलं, मला कुनी एकडाव बी न्हाई सांगितलं. तिचा इस्वास बसंना. म्हनती, मॅडम शाळेतल्या हायेत, त्या खोटं कशाला लिवतील?"

माझ्या बोटात एक काडी होती. ती मी मोडत बसले.

"मला परत घ्या असं म्हनत न्हाई. जागा असंल तं घ्या, नसंल तं ऱ्हाऊ द्या. पर ते वारंवारचं तेवढं..."

"बघते मी," म्हणाले. ऑफिसात अर्ज ठेवून घेताना म्हणते तेच.

चहा झाला. एकच्या बसला जायचं म्हणून त्या उठल्या. मी जिन्यापर्यंत गेले. "तुमी नका येऊ, तूर आवरा," म्हणाल्या. मग पाठ फिरवून, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी उलट्या उतरल्या. गुडघे गेलेल्या बाया उतरतात तसं. मी वरूनच बघत उभी राहिले. खाली जाऊन हात द्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आत आले तर यजमान पेपरमागून म्हणाले, "शाळेत लोक तुला घाबरतात ते ठीक आहे. आता गव्हाच्या खेळातही घाबरायला लागले?"

"तुम्ही पेपर वाचा," म्हणाले.

मावशींनी मला कधी काही कळवलं होतं का, हे बघायला फोन घेतला. त्यांच्या नावावर तीन निरोप होते, तिन्ही बोलून पाठवलेले, एकही मी उघडलेला नव्हता. बोललेले निरोप मी ऐकत नाही. "कृपया लिहून पाठवावे" असं मी माझ्या नावाखालीच टाकून ठेवलं आहे. मावशी सावकाश वाचतात. लिहिणं त्यांना जमत नाही.

पहिला जानेवारीतला, हुरड्यानंतर चारपाच दिवसांचा. "ताई, ते मदत राखीव म्हंजे काय हो? सुनेला इचारलं, तिला बी नीट सांगता येईना. रिकाम्या टायमात सांगा."

दुसरा त्यानंतरच्या आठवड्यातला. "ताई, मास्तरीणबाई रागावल्यावानी वाटायल्यात. माझं काय चुकायलंय का?"

तिसरा सोमवारचा. मी त्यांना काढलं त्याच्या आदल्या दिवशीचा. मागे शेळी ओरडत होती. "काम असंल तुमाला, म्हनून परत इचारते. मी ते खोके भरू का नको भरू? तुमी नको म्हनलं तं न्हाई भरनार." एकोणीस सेकंद.

म्हणजे वहीत सही केली नाही म्हणून मी ज्या बाईला शिक्षा केली, ती तीन वेळा माझ्या टेबलापाशी येऊन सूचना वाचून दाखवा म्हणत होती आणि मी मान वर केली नव्हती.

येलदरीच्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "माझे खोके त्या परतफेड म्हणून भरत होत्या?"

"सगळ्यांत जास्त तुझे. तू लय देतेस म्हणे."

"ताई, मी नुसतं 'परत तेच' म्हटलं होतं. काढा नव्हतं म्हटलं."

"तू तरी त्यांना कधी सांगितलंस का?"

"मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल. तुम्ही लिहिलंत ना, वारंवार." मग म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं."

"आता त्यांना परत घ्यायचंय."

"घ्या की. पण जागा कुठंय? तुम्हीच तुमच्या ग्रंथपाल मॅडमना बसवलंत."

"त्यांना काढू शकत नाही. त्यांनी काय केलंय?"

"मावशींनी तरी काय केलं होतं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "थांबा ना थोडे दिवस. परीक्षा आल्या की कुणीतरी सोडतंच. तेव्हा गुपचूप घेऊन टाकू. आणि ती सूचना कोण लक्षात ठेवतंय, ताई?"

"त्यांची सून," म्हणाले.

संध्याकाळी त्याच हरभऱ्यांची उसळ केली. चांगली झाली, मी दोनदा वाढून घेतली. तूर भिजत घातली. जेवणाआधी गटावर टाकायचा मजकूर लिहायला बसले होते. पहिल्या खर्ड्यात "अनवधानाने" आलं. दुसऱ्यात "गैरसमजातून". तिसऱ्यात "सदर कारवाई मागे घेण्यात येत आहे". कुणी केली, कुणी मागे घेतली, काही पत्ता लागू नये अशी भाषा मला चांगली येते. तिन्ही खोडले.

सोमवारी सकाळी सहाला मावशींना फोन केला.

"उठलात का?"

"कवाच. बोला."

"मावशी, वारंवार सूचना दिली असं मी लिहिलं ते खोटं होतं. एकदाही दिली नव्हती. तुमचे तिन्ही निरोप मी काल ऐकले. तुम्ही विचारत होतात आणि मी ऐकलं नाही. काल तुम्ही घरी आलात तेव्हाही मी हे बोलायला पाहिजे होतं."

"हे सुनेला सांगाल का?"

"द्या फोन."

सुनेला तेच सांगितलं, शब्द न बदलता. ती "बरं मॅडम" एवढंच म्हणाली. फोन परत मावशींकडे गेला.

"मंग आता खोके भरू का नको भरू, ते सांगा."

मी सांगितलं. शर्यत कधी सुरू होते, काम कुणाला मिळालं ते कुठे दिसतं, झेंडे कुणासाठी सोडायचे, शर्यत नसताना कुणाचीही खोकी खुशाल भरा. मावशींनी ते सगळं स्वतःच्या शब्दांत मला परत म्हणून दाखवलं, मी न सांगता. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग गटावर आयुष्यातला पहिला बोललेला निरोप टाकला. मंगळवारी झरीच्या मावशींना मी काढलं, चूक माझी होती, सूचना दिल्याचं मी खोटं लिहिलं होतं, त्यांनी विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही. पुढे नियम सांगितला, मावशींना सांगितला तसाच. प्रत्येकीनं तो आपल्या शब्दांत परत सांगावा, नुसता अंगठा चालणार नाही, असंही म्हटलं. प्रमुखपद येलदरीच्या बाईंना दिलं आणि माझ्या जागी मावशींना घ्यायला सांगितलं. खेळ उघडला, गट सोडायचं बटण शोधलं आणि दाबलं. खेळानं विचारलं, नक्की ना? मावशींना काढताना त्यानं हेच विचारलं होतं की नाही, मला आठवेना.

मग तूर उपसली, पाटी उचलून गच्चीवर नेली, पसरली, आणि शाळेत गेले.